लाखेची मोहोर आणि गोवा: एक पार्श्वभूमी

हाताने पत्र लिहिणारे थोडे का होईना पुन्हा वाढताहेत आणि त्यांच्यासोबत पाकिटावरची लाखेची मोहोरही परतली आहे. गोव्यात ती लग्नपत्रिकांवर दिसते, बारशाच्या आमंत्रणावरही दिसते. स्वतःच्या नावाच्या आद्याक्षराचा किंवा घराण्याच्या चिन्हाचा पितळी ठसा करून घेणारी माणसं ओळखीपाळखीत भेटू लागली आहेत. हे सामान विकणारे त्याला जुन्या युरोपची शान म्हणून पुढे करतात. ठशापुरतं ते चालेल. पण ठसा ज्या पदार्थावर उमटतो त्याची हकिगत वेगळी आहे. युरोपातल्या मोहोरेत लाख आली ती सोळाव्या शतकात, हिंदी महासागराच्या व्यापारातून. त्या व्यापाराचं एक मोठं ठाणं गोवा होतं, आणि लाखेविषयीची त्या काळातली महत्त्वाची छापील माहितीही इथूनच बाहेर पडली.

मोहोरेची मुळात दोन कामं. हा मजकूर अमक्याचाच आहे अशी साक्ष देणं हे एक. कागद बंद ठेवणं, वाटेत कोणी उघडला तर ते लपू न देणं हे दुसरं. आपल्याकडे पहिलं काम फार जुनं. गोव्याच्या कदंब राजांचे ताम्रपट कडीत ओवलेले असत आणि कडीची टोकं सिंहाची मुद्रा असलेल्या धातूच्या गोळ्यात बसवलेली असत. कडी कापल्याशिवाय मधला पत्रा बदलता येत नसे. पुढे कागद आला आणि मुद्रा शाईत उतरली. शिवाजी महाराजांची ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा पत्राच्या माथ्यावर शाईने उमटवलेली असते. मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा येते, म्हणजे तिच्याखाली कोणी ओळ घुसडू नये. आजकाल राजमुद्रेचे पितळी ठसे खास लाखेसाठी विकले जातात आणि लोक ते पाकिटाच्या पाठीवर उमटवतात. मला ते खटकतं. ती मुद्रा पत्र बंद करण्यासाठी घडलेली नाही. तिची जागा मजकुराच्या डोक्यावर होती आणि ती वाचली जावी म्हणून होती.

दुसरं काम, बंद करण्याचं, हेही आपल्याला अनोळखी नव्हतं. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाचं सारं कारस्थान नंदांच्या राक्षस नावाच्या अमात्याच्या अंगठीवर उभं आहे: ती चाणक्याच्या हाती लागते, तिच्या मुद्रेने बंद केलेलं खोटं पत्र तयार होतं आणि राक्षस स्वतःच्याच मोहोरेने फसतो. मोहोरेवर लोकांचा विश्वास किती पक्का होता ते यावरून कळतं. मराठेशाहीत मोठ्या माणसाला जाणारं पत्र किनखापाच्या किंवा मलमलीच्या थैलीत घालून तिच्या दोरीवर मोहोर करत. बंद पाकिटाला लाखोटा म्हणण्याची रीत तर आपल्या आज्यांच्या बोलण्यापर्यंत टिकून होती.

लाख हा पदार्थ आपल्या घरातला. अथर्ववेदात लाक्षेला उद्देशून सूक्त आहे, लाक्षागृहाची गोष्ट पोराटोरांना ठाऊक असते, आणि पोकळ दागिन्यात सोनार लाख भरतो हे कोणालाही सांगावं लागत नाही. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. ते कवच खरवडून, धुऊन, वितळवून, कापडातून गाळलं की लाख मिळते. कुंकळ्ळीचे चितारी आणि सावंतवाडीचे कारागीर लाकडावर जे चकचकीत रंगकाम करतात ते याच लाखेचं. फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर चढते.

युरोपात मध्ययुगभर मोहोर व्हायची ती मधमाशीच्या मेणाची. त्यात राळ मिसळायची, लाल हवी तर हिंगूळ, हिरवी हवी तर जंगाल. थंड हवेत हे मेण शतकानुशतकं टिकलं. पण मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून येणारं गलबत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, पेट्या महिनोन्महिने दमट उकाड्यात पडून राहायच्या. मेणाला ती वाट सोसणारी नव्हती. लाख अधिक उष्णता सहन करते आणि थंड झाल्यावर कडक, ठिसूळ होते. हा ठिसूळपणा दोष वाटेल, पण मोहोरेचा खरा गुण तोच आहे. मऊ मेण गरम पात्याने हळूच उचलून पुन्हा चिकटवता येतं; कडक लाख उचलायला गेलं की तडकते आणि झालेली आगळीक दाखवून देते.

गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये भारतात आला. व्हाइसरॉयांची नाडी पाहणारा हा वैद्य गोव्यात राहिला, बाजारात हिंडला आणि व्यापारी, हकीम, वैद्य अशा सगळ्यांना विचारत राहिला. इथल्या औषधी द्रव्यांवरचे त्याचे संवाद १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले, तेव्हा इथे छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. त्यातला एक संवाद लाखेवर आहे. अरबी ग्रंथांत लाखेविषयी जे लिहिलेलं होतं ते त्याने तपासलं, पेगूच्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, मालाची चौकशी केली आणि लाख ही झाडाचा नुसता डिंक नसून तिच्यामागे किडा आहे हे लिहून ठेवलं. त्याने त्या किड्याला पंखवाल्या मुंग्या म्हटलं. तपशील चुकला तरी दिशा बरोबर होती. चारच वर्षांत, १५६७ मध्ये, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पहून काढला आणि गोव्यातली माहिती युरोपच्या विद्वानांच्या टेबलावर गेली. ओर्ता १५६८ मध्ये वारला. ज्यू वंशाच्या या माणसाची हाडं इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये उकरून जाळली. पणजीच्या बागेला आज त्याचं नाव आहे, आणि तिथून जाताना हा शेवट आठवल्याशिवाय राहत नाही.

ओर्ताचा ग्रंथ छापल्यानंतर वीस वर्षांनी डच तरुण लिन्सखोटेन गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी नोकरीला आला. लाख कुटून वितळवतात, तिच्यात लाल, काळा, हिरवा, पिवळा रंग मिसळतात, कांड्या करतात आणि तशाच कांड्या पत्रं बंद करायला वापरतात, असं त्याने लिहिलं. तोवर युरोपात लाखेची मोहोर रुळू लागली होती. अठराव्या शतकातल्या योहान बेकमन या जर्मन अभ्यासकाने शोधलेलं अशा मोहोरेचं जुनं पत्र ३ ऑगस्ट १५५४ चं, लंडनहून जर्मनीला गेलेलं. पुढे लाख, लार्च झाडाची राळ, हिंगूळ आणि थोडी खडू हे मिश्रण ठरून गेलं. फ्रान्समध्ये तिला स्पेनचं मेण म्हणत, कारण माल इबेरियन बंदरांतून यायचा. पेगू, बंगाल, गोवा ही नावं वाटेतच गळून पडली.

मोहोरेत किती ताकद असू शकते हे पाहायचं तर पोर्तुगीज सत्तेच्या वारसापत्रांकडे पाहावं. राजा लिस्बनमध्ये, गव्हर्नर इथे, आणि मध्ये सहा महिन्यांचा समुद्र. गव्हर्नर अचानक मेला तर पुढे कोण, हे राजा आधीच लिहून मोहोरबंद पाठवत असे. एकापेक्षा जास्त पत्रं असत, क्रमाने उघडायची. २४ डिसेंबर १५२४ ला व्हाइसरॉय वास्को द गामा कोचीनला वारला, पहिलं पत्र फोडलं, नाव निघालं एन्रीक द मेनेझिस. तो फेब्रुवारी १५२६ मध्ये वारला. दुसऱ्या पत्रात पेरु मास्कारेन्यस, पण तो मलाक्क्यात होता आणि वारं अनुकूल होईपर्यंत परतणं अशक्य. म्हणून तिसरं पत्र उघडलं, त्यात लोपु वाझ द सांपायो. मास्कारेन्यस येईपर्यंत त्याने कारभार बघावा असं ठरलं. तेवढ्यात लिस्बनहून नवी मोहोरबंद पत्रं आली. जुनी बाद झाली नसताना खजिन्याचा प्रमुख आफोंसो मेशिया याने नवं पत्र उघडलं, आणि त्यात सांपायोचं नाव वरचढ निघालं.

१५२७ मध्ये मास्कारेन्यस परतला तेव्हा त्याच्या पायात बेड्या पडल्या. लवादाचा निकाल सांपायोच्या बाजूने लागला, पण १५२९ मध्ये नुनु द कुन्या गव्हर्नर होऊन आला आणि त्याने सांपायोलाच कैद करून पोर्तुगालला धाडलं. एक मोहोर अवेळी फुटली म्हणून सत्ता दुभंगली. या मेशियाचं नाव गोव्यात आणखी एका कारणाने माहीत आहे: गावकऱ्यांचे हक्क आणि चालीरीती नोंदवणारी १५२६ ची प्रसिद्ध सनद त्याचीच. गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेच्या, इतिहासात त्याच्याविषयी आदराने लिहिलं जातं, वारसापत्रांच्या प्रकरणात नाही. माणूस एकच, वर्षही एकच.

राजधानी १५३० मध्ये गोव्यात आली आणि या मोहोरबंद कागदांचं वजनही इथे आलं. १५९५ मध्ये दफ्तरखाना स्थापन झाला, त्याचा पहिला रखवालदार इतिहासकार दियोगु दु कोउतु. आजचं पणजीचं पुराभिलेख खातं हा त्याचाच वारसा. लिस्बनची पत्रं मोसमी वाऱ्यांच्या हिशेबाने यायची, म्हणून त्यांच्या बांधीव खंडांना मोसमांची पुस्तकं म्हणतात. एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या गलबतांतून निघत, प्रत्येक मोहोरबंद. एक गलबत बुडालं तरी हुकूम पोहोचावा हा हेतू. याच दफ्तरात शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार आहे आणि त्यात मराठी कागद आहेत. मराठ्यांची पत्रं आली की ती वाचणारे, उत्तर जुळवणारे आणि प्रसंगी वकील म्हणून जाणारे गोव्यातले सारस्वत दुभाषे होते. शिवाजी महाराजांकडे बोलणी करायला गेलेला रामजी शेणवी कोठारी त्यांतलाच. फिरंग्यांचा लाखेने बंद केलेला कागद आणि मराठ्यांचं शाईच्या मुद्रेचं पत्र, दोन्ही या माणसांच्या हातांतून गेलं. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९३० च्या दशकापासून हे दफ्तर लावलं, वाचलं आणि छापलं. त्यांचं काम नसतं तर मराठ्यांच्या इतिहासाचा हा भाग आपल्याला धड कळला नसता.

सामान्य माणसाच्या पत्राला एवढा थाट नव्हता. युरोपात कणकेच्या पातळ चकत्या ओल्या करून कागद चिकटवत, आपल्याकडे खळ किंवा डिंक. मग एकोणिसाव्या शतकात टपाल तिकीट आलं (पोर्तुगीज भारताचं पहिलं तिकीट १८७१ चं), डिंक लावलेली तयार पाकिटं आली आणि खासगी पत्रावरची लाख हळूहळू गेली.

सरकारी कामातून मात्र ती कधीच गेली नाही. पंचनाम्यातला मुद्देमाल पंचांसमक्ष लाखेने सीलबंद होतो, मतदानानंतर यंत्रांच्या पेट्या लाखेने बंद होतात. विमा उतरवलेल्या टपालासाठी पोस्टाच्या जुन्या नियमपुस्तकात तर सुरेख अट होती: सगळ्या मोहोरा एकाच प्रकारच्या लाखेच्या असाव्यात आणि प्रत्येकीवर पाठवणाऱ्याची तीच खासगी खूण स्पष्ट उमटलेली असावी. नाणं दाबून चालणार नाही, नुसत्या उभ्याआडव्या किंवा वाकड्या रेषाही नकोत, कारण त्यांची नक्कल सहज होते. आज हौसेने स्वतःचा ठसा करून घेणाऱ्याला ही अट वाचायला द्यावीशी वाटते. स्वतःची खूण कशाला हवी, हे तिने कामापुरत्या शब्दांत सांगितलं आहे.

ठसा करून घेताना आपल्या लिपीकडे नीट पाहावं. अक्षर उलटं कोरावं लागतं. देवनागरीत शिरोरेखा, वेलांटी, जोडाक्षर हे सगळं पंचवीसएक मिलिमीटरच्या वर्तुळात कोंबलं की लाखेत गिचमीड उतरते. एकच अक्षर, जाड रेघा आणि खोल कोरीव काम हे उत्तम. चिन्ह हवं असेल तर गोव्यात कमी नाहीत: कदंबांचा सिंह, दीपस्तंभ, तुळशीवृंदावन. बारीक नक्षीपेक्षा ठसठशीत आकार निवडावा.

उमटवताना ठसा आधी बर्फावर किंवा गार ओल्या फडक्यावर थंड करायचा, नाहीतर तो लाखेलाच चिकटतो. आपल्या दमट हवेत थंड पितळेवर लगेच पाणी धरतं. ते पुसलं नाही तर मोहोरेवर खड्डे पडतात. मेणबत्तीच्या ज्योतीने लाखेत काजळी मिसळते, स्पिरिटचा दिवा बरा. बाजारात मिळणारं लवचीक मेण बहुधा प्लास्टिक मिसळलेलं असतं. ते टपालाच्या यंत्रात तडकत नाही, पण म्हणूनच कोणी उघडलं तर ते दाखवेलच असंही नाही. खरी लाख वापरायची असेल तर मोहोर केलेलं पाकीट दुसऱ्या साध्या पाकिटात घालून पाठवावं.