टीचिंग स्टेटमेंट वेगळं, टीचिंग पोर्टफोलिओ वेगळा

खासगी विद्यापीठाच्या किंवा परदेशातल्या जागेच्या अर्जात ‘टीचिंग फिलॉसॉफी स्टेटमेंट’, म्हणजे आपण कसं आणि का शिकवतो याचं लेखी निवेदन, मागितलेलं असतं. सोलापुरात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या हाताशी असते ती एपीआयची, म्हणजे कामगिरीच्या गुणांची, फाइल: सेट-नेट या पात्रता परीक्षा, निकालाची टक्केवारी, कार्यशाळांची प्रमाणपत्रं. तीच मग परिच्छेद पाडून उतरवली जाते आणि अर्ज तिथेच कच्चा पडतो.

पोर्टफोलिओ हा पुराव्यांचा संच. त्यात निवडक टाचणं, प्रश्नपत्रिका, नाव झाकलेल्या उत्तरपत्रिका, विद्यार्थ्यांचे अभिप्राय येतात. स्टेटमेंटही बहुधा त्याच संचात सुरुवातीला लावतात, म्हणून घोळ होतो. ते एक-दोन पानांचं, ‘मी’ म्हणून, वर्तमानकाळात लिहायचं. मुलं शिकतात कशी, त्यांना शेवटी काय यावं, त्यासाठी तुम्ही वर्गात काय करता आणि ते आलं हे कशावरून ओळखता, एवढं त्यात हवं. शेवटचा भाग सर्रास राहून जातो. मुलाखतीत नेमकं तेच विचारलं तर उत्तर सुचत नाही.

‘मी विद्यार्थी-केंद्रित पद्धतीने शिकवतो’ हे वाक्य कुणाच्याही अर्जात चालेल, म्हणून ते काढाच. संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला असं लिहिता येईल: ‘सूत्राची गरज पटल्यावरच ते लक्षात राहतं, असं मी मानतो. म्हणून मी टॉवेल कारखान्याचे काल्पनिक आकडे देतो. नऊ कामगारांची सरासरी मजुरी 600 रुपये. मालकाचे 10,000 मिळवले की सरासरी 1,540 होते, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र फारसा हलत नाही. मुलांनी हे स्वतः करून पाहिल्यावर मी सूत्र फळ्यावर लिहितो. तास संपताना प्रत्येकाकडून दोन ओळींची चिठ्ठी घेतो: इथे कोणतं माप वापराल आणि का?’

‘सर्वांना सामावून घेतो’ हेही तसंच पोकळ. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुलं एकाच बाकावर असतात, तिथे नक्की काय करता ते सांगा. उदाहरणार्थ, आधी जोडीने हव्या त्या भाषेत दोन मिनिटं चर्चा, मग लेखन मराठीत.

लिहायला बसताना सुरुवात तत्त्वापासून केली की बी.एड.च्या नोट्समधला मानसशास्त्रज्ञ पियाजे पानावर उतरतो. त्यापेक्षा चांगले झालेले तीन तास निवडा, त्यांत काय काय केलं ते क्रमाने मांडा आणि प्रत्येक कृतीपुढे ‘हे का केलं?’ याचं उत्तर लिहा. जे उत्तर तिन्ही तासांत पुन्हा येतं, ती तुमची भूमिका. ते वाक्य पहिल्या परिच्छेदात न्या.

मग दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहा. स्टेटमेंटमध्ये चिठ्ठीचा उल्लेख असेल तर पोर्टफोलिओत चिठ्ठ्या दिसल्या पाहिजेत. नसतील तर वाक्य गाळा, किंवा या सत्रापासून चिठ्ठ्या जपायला लागा. नाव झाकून तीन पुरतात: एक चुकलेली, एक अर्धवट, एक नेमकी.