चार भिंतींवरून दिवा दिसतोय का?

रात्री ‘चार भिंती’ या उंचावरच्या स्मारकापाशी उभं राहून खाली साताऱ्याकडे पाहावं. काही रस्ते नुसते उजळलेले दिसतात, त्यांच्यावरचा दिवा दिसत नाही. काही ठिकाणी उलटं: रस्ता हरवलेला आणि दिवाच डोळ्यांत खुपणारा. आपण दिव्यांपेक्षा उंचावर आहोत. म्हणजे जो दिवा थेट डोळ्यांत येतो, त्याचा तेवढा प्रकाश रस्ता सोडून आभाळात चाललाय, आणि त्याचंही वीजबिल कुणीतरी भरतंय.

आभाळ उजळू नये म्हणून दिव्यांवर नियम म्हटलं की लोकांना अंधार आणि चोर आठवतात. पण दिवे तेवढेच ठेवूनही आभाळ बरंच काळं करता येतं. मुख्य चूक खांबाच्या टोकाशी होते. सपाट काचेचा एलईडी दिवा जमिनीला समांतर बसवला, तर त्यातून वर जवळजवळ काहीच सांडत नाही. जुन्या सोडियम दिव्यांच्या ब्रॅकेटला मात्र बऱ्याचदा १०-१५ अंशांचा चढ असतो. नवा दिवा तसाच त्यावर चढवला की तो समोरच्या माडीत डोकावतो. क्षितिजाच्या जरा वर निघालेला हा प्रकाश हवेतून सर्वांत लांब जातो, आणि वाटेत विखुरत दूरचं आभाळ उजळतो. कासचं पठार शहरापासून जेमतेम २५ किलोमीटरवर आहे.

उपाय पान्याचा आहे. दिव्याच्या मानेचे बोल्ट सैल करायचे, स्पिरिट लेव्हल ठेवायची, शून्य अंशावर आवळायचं. मान फिरत नसेल तर मध्ये तिरका अडॅप्टर. रस्त्याची पलीकडची कड अंधारी राहिली तरी दिवा वर उचलू नये. रुंद फेकीची लेन्स मागवावी.

मग रंग. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात: ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा हा ५९० नॅनोमीटरच्या पिवळ्याच्या जवळपास तिप्पट. दिव्याचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा. म्हणून निविदेत ‘३००० केल्व्हिन किंवा कमी’ असं स्पष्ट हवं, कासच्या रस्त्याला २२००. नुसतं ‘वॉर्म’ लिहिलं तर काय येईल सांगता येत नाही.

उजेड किती, याचं भारतीय मानक (आयएस १९४४) आहेच: मोठ्या हमरस्त्याला सरासरी ३० लक्स (रस्त्यावर पडणाऱ्या उजेडाचं माप), कमी रहदारीच्या गल्लीला ४. पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स, तेव्हा ४ म्हणजे अंधार नव्हे. अनेक गल्ल्यांत ‘असू दे जास्तीचा’ म्हणून मोठा दिवा लागतो. डांबरही थोडा प्रकाश वर परतवतंच, त्यामुळे रात्री ११ नंतर ड्रायव्हरमधून (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधून) उजेड निम्म्यावर आणणं फायद्याचं. चालू-बंद करायला अक्षांश-रेखांशावरून सूर्यास्त काढणारा टायमर बरा. साताऱ्यात जुलै आणि नोव्हेंबरअखेरच्या सूर्यास्तात तासाभराहून जास्त फरक पडतो, साधं घड्याळ तो पाळत नाही. प्रकाशसंवेदकावर धूळ किंवा पक्ष्यांची शीट बसली की दिवे भरदिवसा जळतात.

पथदिवे सुधारले तरी महामार्गालगतची हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि होर्डिंगं उरतातच, आणि खरा वाद तिथेच होईल. होर्डिंगचा फ्लडलाइट खालून वर मारला की फलकाच्या कडेने निसटलेला प्रकाश सरळ आभाळात. तोच वरून खाली लावला की उरलेला जमिनीवर पडतो. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफने १९५८ मध्येच जाहिरातींच्या सर्चलाइटवर बंदी घातली होती. आपल्याकडे होर्डिंगला परवानगी लागतेच, आणि ती ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावी लागते. दिव्याची दिशा, केल्व्हिन आणि बंद करण्याची वेळ या तीन ओळी त्याच अर्जात घालाव्यात.