रेणूंना नियम ठाऊक नसतो

एन्ट्रॉपी म्हणजे, ढोबळपणे, एखादी स्थिती किती वेगवेगळ्या मांडण्यांनी घडू शकते याचं माप; ती आपोआप वाढत जाते, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. तिचा विषय निघाला की पसरलेल्या खोलीचं उदाहरण हमखास येतं. आवरलं नाही तर पसारा वाढतो, तसंच विश्वाचंही! उदाहरण चटकन लक्षात राहतं, पण ते भलतीकडेच नेऊन सोडतं. पसारा कशाला म्हणायचं नि टापटीप कशाला, हे ठरवायला माणूस लागतो. वायूच्या रेणूंना त्याचं सोयरसुतक नसतं. एन्ट्रॉपी कळायला खरं तर नीट मोजता आलं की पुरे.

एका बंद डब्यात चारच रेणू आहेत असं धरा: अ, ब, क आणि ड. प्रत्येक जण डाव्या अर्ध्या भागात असेल नाहीतर उजव्या, आणि दोन्ही शक्यता सारख्याच. म्हणजे एकूण मांडण्या झाल्या १६. त्यांपैकी चौघेही डावीकडे, अशी मांडणी एकच. डावीकडे नेमके दोघे, अशा मात्र ६: अब, अक, अड, बक, बड, कड. यातली प्रत्येक मांडणी दुसरीइतकीच संभवते. ‘चौघे डावीकडे’ ही ‘अ आणि ब डावीकडे’ हिच्यापेक्षा तसूभरही दुर्मीळ नाही. समसमान वाटणी जास्त वेळा दिसते, कारण तिच्या खात्यावर सहा मांडण्या जमा आहेत. रेणूंना कोणी ढकलत नाही, समतोल साधायची त्यांना हौसही नसते. माझ्या मते एन्ट्रॉपीचा सगळा गाभा इथेच आहे.

आता रेणू १०० करा. मांडण्यांचा आकडा एकावर तीस शून्यं इतका होतो. दर सेकंदाला दहा लाख वेळा मांडणी बदलत राहिली, तरी सगळे एकदा डावीकडे सापडायला सरासरी विश्वाच्या वयाच्या, म्हणजे १३.८ अब्ज वर्षांच्या, सुमारे तीस लाख पट वेळ लागेल. आणि हे फक्त शंभरांचं! एक लिटर हवेत साधारण २५ हजार अब्ज अब्ज रेणू असतात. त्यांच्या मांडण्यांचा नुसता आकडा लिहायचा तरी साडेसात हजार अब्ज अब्ज अंक लागतील. तेव्हा खोलीतली सगळी हवा एका कोपऱ्यात जमून आपला श्वास कोंडेल, ही भीती खुशाल सोडून द्यावी. निसर्गनियमांनी त्याला बंदी केलेली नाही, पण वाट पाहायला विश्व पुरणार नाही.

‘एन्ट्रॉपी’ हे नाव रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ साली दिलं; तिचा मांडण्यांच्या मोजणीशी असलेला संबंध लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७७ साली दाखवला. व्हिएन्नात त्यांच्या थडग्यावर ‘एस = के लॉग डब्ल्यू’ हे सूत्र कोरलेलं आहे. एस म्हणजे एन्ट्रॉपी, के हा एक ठरावीक स्थिरांक, डब्ल्यू म्हणजे मांडण्यांची संख्या. (या रूपात ते लिहिलं माक्स प्लांक यांनी.) लॉग कशाला, तर दोन डबे शेजारी ठेवले की मांडण्यांचा गुणाकार होतो, १६ गुणिले १६ म्हणजे २५६, एन्ट्रॉपीची मात्र बेरीज व्हायला हवी. गुणाकाराची बेरीज करून देणं हे लॉगचं कामच.

बोल्ट्झमन यांचे स्नेही योसेफ लोश्मिट यांनी १८७६ साली एक बिनतोड शंका काढली होती. रेणूंच्या टकरींचे नियम वेळ उलटी फिरवली तरी तसेच राहतात. मग एन्ट्रॉपी वाढतच जाते असं कसं म्हणता? मोजणीचं उत्तर असं, की उलट्या वाटाही खऱ्याच आहेत, पण अतोनात कमी. मला हे उत्तर पटतं, पण अर्धंच. कारण हीच मोजणी भूतकाळाला लावली तर कालची एन्ट्रॉपीही आजच्यापेक्षा जास्त निघायला हवी, आणि तशी ती नव्हती. काल, परवा, असं मागे जात राहावं तसतशी ती कमीच होत जाते, थेट महास्फोटापर्यंत. तिथे, सुरुवातीलाच, विश्व इतक्या विरळा मांडणीत का होतं, हे निव्वळ मोजणीतून निघत नाही. भौतिकशास्त्रज्ञ त्यावर आजही वाद घालतात.