‘बरं वाटलं की उठेन’च्या उलट: डिप्रेशनवरच्या एका साध्या उपचारामागची गोष्ट

माझ्या मावसबहिणीला डिप्रेशनचं निदान झालं तेव्हा काउन्सेलर ताईंनी तिला वहीचं एक पान आखून दिलं. रकाने तीनच: किती वाजता, काय केलं आणि तेव्हा मूड दहापैकी किती. पहिल्या दिवशीचं पान मी पाहिलंय. ‘८ ते ११ नुसती पडून, १. सव्वाअकरा दात घासले, २. चहा, २.’ जाम भडकली होती ती, एवढी फी भरून मला बालवाडीत बसवलंय का म्हणाली. गोळ्या चालू होत्याच, त्यामुळे मलाही तो कागद म्हणजे टाइमपासच वाटला होता. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की त्या तीन रकान्यांमागे बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाचा अख्खा उपचार आहे, आणि त्याच्यामागे बरीच वर्षं आणि बरीच भांडणं आहेत.

आधी गोळ्यांचं पटकन सांगते, कारण ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये १९५२ मध्ये टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड हे औषध देत होते तर पेशंट एकदम हसायला खेळायला लागले. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून हे डॉक्टर स्किझोफ्रेनियासाठी इमिप्रामिन वापरून बघत होते, त्याला उपयोग झाला नाही पण डिप्रेशनवाल्यांना झाला, हे १९५७ चं. म्हणजे दोन्ही औषधं शोधायला गेले एक आणि सापडलं भलतंच अशी.

बोलून करायच्या उपचारात मात्र वाद पेटला. फिलाडेल्फियाचे अ‍ॅरन बेक हे मानसोपचारतज्ज्ञ, मूळचे मनोविश्लेषण करणाऱ्या फ्रॉइडच्या वाटेवरचे, डिप्रेशन म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग हे पेशंटच्या स्वप्नांवरून सिद्ध करायला गेले आणि स्वप्नांत राग सापडेचना, सापडलं ते अपयश आणि काहीतरी हरवल्याची भावना. मग ते म्हणाले की खरा घोळ विचारांत आहे, ‘मी बिनकामाची’, ‘काही बदलणार नाही’ असले विचार पकडायचे, तपासायचे, बदलायचे. आज ज्याला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात त्याचा हा एक मोठा पाया.

दुसऱ्या बाजूला वर्तनवाले, म्हणजे माणसाच्या वागण्याकडे बघणारे मानसशास्त्रज्ञ. १९७३ मध्ये चार्ल्स फर्स्टर आणि त्याच सुमारास ओरेगनचे पीटर लुइन्सन म्हणत होते की विचारांचं राहू द्या, हा माणूस दिवसभर करतो काय ते बघा. माणूस कमी करतो, म्हणून बरं वाटायला लावणाऱ्या गोष्टी कमी वाट्याला येतात, म्हणून आणखी उदास होतो, म्हणून आणखी कमी करतो. ‘बरं वाटलं की उठेन’ असं म्हणत पडून राहिलं तर ते बरं वाटणं येतच नाही, आधी थोडं उठायचं आणि मूड मागून येईल तेव्हा येईल. लुइन्सन यांच्या टीमने तर माणसाला बरं वाटायला लावणाऱ्या ३२० गोष्टींची यादीच केली होती (३२०! आमच्या बहिणीला तेव्हा तीन सुचल्या नसत्या).

बेकनी हा भाग गिळून टाकला, म्हणजे त्यांच्या थेरपीत दिवसाचं वेळापत्रक हे सुरुवातीचं एक पाऊल झालं, खरं काम विचारांचं. १९९६ मध्ये सिॲटलच्या नील जेकबसन यांनी नेमकं हेच सोलून बघितलं. सुमारे दीडशे पेशंट, तीन गट, एकाला पूर्ण थेरपी, एकाला अर्धी आणि एकाला फक्त हा वागण्याचा भाग. तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले! विचारवाल्यांना हे झोंबलं असणारच. जेकबसन १९९९ मध्ये अकाली गेले, पण त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं आणि त्याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन हे नाव रुळलं.

आता हे ऐकून शेजारच्या काकू म्हणणार, अगं मग मी तरी काय सांगत होते, जरा बाहेर पड, मन रमव. नाही हो काकू. ‘मन रमव’ हा हुकूम असतो आणि जमलं नाही की वरून अपराधीपणा. इथे पायरी इतकी लहान ठेवतात की जमेलच, कधी करायचं ते ठरवतात, अडलं कुठे ते पुढच्या वेळी न रागावता बघतात. ताईंनी बहिणीला ‘फिरायला जा’ सांगितलंच नव्हतं, चपला घालून जिन्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच.

आणि हे शिकवायला सोपं, म्हणून ते आपल्याकडे आलं. गोव्यात ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून आहे, विक्रम पटेल त्याच्या संस्थापकांपैकी. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे लोक ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणत नाहीत, अंग दुखतं, झोप नाही, टेन्शन आहे म्हणतात. संस्थेने मानसोपचाराची काहीच पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून काउन्सेलर केलं आणि सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम आखला, पाया हाच. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. जास्त तीव्र डिप्रेशन असलेले ४९५ जण, तीन महिन्यांनी कार्यक्रमातले ६४ टक्के आजारातून बाहेर आलेले, केंद्रातली नेहमीचीच, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पातही गावातलीच माणसं घरोघरी गेली, आणि डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे उपचार कुठला चांगला याच्या आधी उपचारापर्यंत पोचणं हाच प्रश्न आहे.

यावरून कोणी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, बहिणीला दोन्ही लागलं आणि गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर रकाने वगैरे बाजूला, घरच्या कोणाला तरी लगेच सांगा आणि १४४१६ लावा, सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.