एफ-१ की जे-१? आधी पैसा कोणाचा ते बघा

अमेरिकेला शिकायला निघालेल्याला सगळे एकच विचारतात, ‘स्टुडंट व्हिसा झाला का?’ पण शिकायला जाणारे मुख्यतः दोन वेगवेगळ्या व्हिसांवर जातात, आणि फरक कळतो तो बहुतेकदा शिक्षण संपल्यावर.

एफ-१ सरळ आहे. विद्यापीठ आय-२० हा प्रवेशाचा फॉर्म पाठवतं. खर्चाचे पैसे बाबांच्या एफडीतून दाखवा नाहीतर शैक्षणिक कर्जातून. जे-१ देवाणघेवाणीचा. फुलब्राइट या सरकारी शिष्यवृत्तीवाले, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणारे, रेसिडेन्सीचे म्हणजे रुग्णालयात प्रशिक्षण घेणारे डॉक्टर, झालंच तर उन्हाळी शिबिरात मुलं सांभाळणारेही त्यावरच जातात. त्यासाठी लागतो डीएस-२०१९ हा फॉर्म, आणि तो अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेला प्रायोजकच देतो. विद्यार्थ्याला जे-१ हवा असेल तर खर्चाचा मोठा वाटा घराबाहेरून यावा लागतो. घरच्या पैशावर एमएस करणाऱ्याला तो मिळणं म्हणूनच अवघड.

खरी मेख आहे जे-१ वाल्यांसाठीचं अमेरिकी इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२(ई), म्हणजे ‘दोन वर्षांचा नियम’. तो लागू झाला की मायदेशी एकूण दोन वर्षं काढल्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा नाही, ग्रीन कार्डही नाही. अमेरिकेचं तोंडच बघता येत नाही, हा मात्र गैरसमज. पर्यटक म्हणून किंवा एफ-१ वर पुन्हा जाता येतं. नियम सगळ्याच जे-१ वाल्यांना लागत नाही. भारत किंवा अमेरिका सरकारचा पैसा असेल, किंवा डॉक्टरकीचं प्रशिक्षण असेल, तर लागतो. तिसरं कारण होतं ‘स्किल्स लिस्ट’, म्हणजे कोणत्या देशाला कोणती कौशल्यं हवीत याची अमेरिकेची यादी. ९ डिसेंबर २०२४ रोजी तिच्यातून भारताचं नाव निघालं, आणि केवळ त्या यादीमुळे आधी अडकलेलेही मोकळे झाले. फुलब्राइटवाले आणि डॉक्टर आहेत तिथेच. डॉक्टरांना भारत सरकारच्या ना-हरकत पत्रावरही सूट मिळत नाही. बरेच जण मग डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करून सुटका करून घेतात. तुमच्या डीएस-२०१९ वर खाली डाव्या कोपऱ्यात हा नियम लागू आहे की नाही याचा वकिलातीचा शेरा असतो. तो प्राथमिक असला तरी सही करण्याआधी वाचाच.

जोडीदार सोबत येणार असेल तर मात्र पारडं जे-१ कडे झुकतं. एफ-१ वाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ वर नोकरी करताच येत नाही. जे-१ वाल्याच्या जोडीदाराला जे-२ वर अर्ज करून नोकरीचा परवाना मिळतो. अट एवढीच, की ती कमाई जे-१ वाल्याच्या खर्चासाठी आहे असं अर्जात दिसता कामा नये.