उशाशी मोबाइल, डोक्यावर पत्रे

मे महिन्यात परभणी, नांदेड, जालना या भागांत दिवसाचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दिवसभर तापलेले पत्रे किंवा स्लॅब रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतात. अंगणातली हवा सुसह्य झालेली असली, तरी अशा खोलीत रात्री दहा वाजता ३५-३६ अंश तापमान सहज असते. फोन वापरताना सभोवतालचे तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सिअस असावे, अशी सूचना काही कंपन्या फोनसोबतच्या माहितीपत्रकात देतात. ते पत्रक आपण खोक्यातच ठेवून देतो. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात फोन चार्जिंगला लावण्याआधीच ही मर्यादा ओलांडलेली असते, आणि त्यानंतर तो उशीखाली किंवा गोधडीच्या घडीत सरकवला जातो.

मोबाइलमधील लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या जडणघडणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यात दोन टोके असतात, एक लिथियमयुक्त धातूच्या ऑक्साइडचे आणि दुसरे ग्रॅफाइटचे. चार्जिंग होताना लिथियमचे आयन पहिल्याकडून दुसऱ्याकडे जातात आणि वापर होताना परत फिरतात. या दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा केसापेक्षाही पातळ पडदा असतो आणि सगळे मिळून ज्या द्रवात भिजलेले असते, तो द्रव ज्वलनशील असतो. पडदा शाबूत आहे तोवर काही बिघडत नाही. पडदा फाटला, तर आत शॉर्टसर्किट होऊन उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेतात, त्यातून आणखी उष्णता बाहेर पडते आणि हा प्रकार मग कोणाच्याही हाताने थांबत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ या मॉडेलचे सुमारे २५ लाख फोन परत मागवले, त्याचे कारण बॅटरीच्या रचनेतील आणि निर्मितीतील दोषांमुळे आत होणारे असे शॉर्टसर्किट हेच होते.

मात्र फोन रात्रभर चार्जिंगला राहिला की बॅटरीत ‘जास्त करंट भरतो’ आणि ती फुटते, ही समजूत बरोबर नाही. ठरलेल्या व्होल्टेजला पोहोचल्यावर फोनमधील सर्किट स्वतःच चार्जिंग थांबवते. तोटा होतो तो वेगळ्या मार्गाने. पूर्ण भरलेली बॅटरी गरम अवस्थेत तासन्‌तास राहिली, की आतील द्रवाचे हळूहळू विघटन होऊन वायू तयार होतात आणि कालांतराने बॅटरी फुगून फोनचे मागचे झाकण कडेने उचलले जाऊ शकते. कापसाची गादी, उशी आणि वाकळ ही सगळी उष्णता धरून ठेवणारी साधने असल्याने फोनची उष्णता बाहेर जाण्याची वाट तेथे बंद होते. चार्जिंग करायचेच असेल, तर ते फरशीवर, कडाप्प्याच्या फडताळावर किंवा उघड्या खिडकीपाशी करावे. फुगलेली बॅटरी मात्र एक रात्रही घरात चार्ज करू नये.

येथे विजेवरच्या स्कूटरचा विषय टाळता येत नाही, कारण काढता येणारी बॅटरी रात्री घरात आणून पलंगाशेजारी चार्जिंगला लावण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुजली आहे. फोनच्या बॅटरीत साधारण १५ ते २० वॉट-तास ऊर्जा मावते. स्कूटरच्या बॅटरीत दोन हजार वॉट-तास किंवा त्याहून अधिक, म्हणजे शंभरपट. नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या निजामाबादमध्ये एप्रिल २०२२ मध्ये घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. ज्या खोलीत माणसे झोपतात, त्या खोलीत ही बॅटरी असता कामा नये, याविषयी माझ्या मनात तरी शंका नाही.

चार्जरची गोष्ट बॅटरीपेक्षा कमी चर्चेत असते, पण ती अधिक जवळची आहे. भिंतीतील २३० व्होल्टची वीज आणि फोनला लागणारी साधारण पाच व्होल्टची वीज यांच्यामध्ये चार्जरच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये असलेले इन्सुलेशन हीच काय ती भिंत. चांगल्या चार्जरमध्ये हे अंतर मोजून राखलेले असते. बाजारात साठ-सत्तर रुपयांना मिळणाऱ्या चार्जरमध्ये ते राखले आहे की नाही, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. धातूची कड असलेला फोन चार्जिंगला असताना तिच्यावरून अलगद बोट फिरवले की हलक्या झिणझिण्या जाणवतात, असा अनुभव अनेकांना असेल. चांगल्या चार्जरमध्येही या भिंतीच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या एका लहान कपॅसिटरमधून मिलिअँपिअरच्या अंशाइतका प्रवाह झिरपतो, आणि तेवढ्याने धोका नसतो. तोच कपॅसिटर निकृष्ट असेल आणि फुटला, तर थेट २३० व्होल्ट वायरीतून फोनपर्यंत येऊ शकतात. कोरड्या कातडीचा विजेला होणारा रोध बराच असतो, पण उन्हाळ्यात घामाने भिजलेल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ला हजाराने भागले की २३० मिलिअँपिअर येतात, आणि घरातील आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, तर ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडण्यासाठी बनवलेला असतो. फोन चार्जिंगला असताना कानात वायरचा हेडफोन घालून झोपू नये, हे सांगण्यामागे एवढे गणित आहे. चार्जर घेताना त्यावर बारीक अक्षरांत छापलेली भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. ती छपाई मुद्दाम भिंगातून वाचण्यासाठी केली आहे की काय, असे वाटले तरी पाहावी.

पलंगावर ओढून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड हाही याच प्रकरणाचा भाग आहे. सैल झालेल्या पिनभोवती बोर्डाच्या छिद्राशी काळसर डाग पडलेला दिसतो. तेथे संपर्क अर्धवट होत असल्याने उष्णता तयार होत असते आणि बोर्डाखाली गादी असते. त्याच बोर्डावर कूलर चालत असेल, तर प्रश्न आणखी वाढतो. लोखंडी पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात बुडालेली मोटर आणि ‘तीन पिनची प्लग बसत नाही’ म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकलेली वायर, हे चित्र मराठवाड्यात नवे नाही. अर्थिंग जोडलेले असले तरी उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की तिचा रोध वाढतो आणि अर्थिंग कमकुवत होते. म्हणून जुने वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायला सांगतात. पलंग कूलरला टेकवून झोपणाऱ्यांनी त्यांचे जरूर ऐकावे.

आता ज्या गोष्टीची सर्वांत जास्त भीती बाळगली जाते, त्या ‘रेडिएशन’विषयी थोडक्यात. मोबाइलच्या रेडिओलहरींच्या एका फोटॉनमधील ऊर्जा अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा लाखो पटींनी कमी असते, त्यामुळे क्ष-किरणांप्रमाणे त्या पेशीतील डीएनए तोडू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले होते, आणि त्याच संघटनेने करून घेतलेल्या २०२४ मधील विस्तृत आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. भारतात फोनच्या लहरींची शरीरात शोषली जाणारी ऊर्जा किलोमागे १.६ वॉटपर्यंत असावी, अशी मर्यादा आहे आणि आपल्या फोनचा आकडा *#०७# दाबून पाहता येतो. टॉवर दूर असलेल्या वाडी-तांड्यावर रेंज कमी असते, तेव्हा फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो. पण अंतर वाढताच त्या झपाट्याने क्षीण होतात. फोन उशीपासून हातभर लांब ठेवला, की या मुद्द्यावर अधिक डोके खर्च करण्याची गरज उरत नाही.

झोपेचे खरे नुकसान उजेडाने होते, आणि येथे विज्ञान पुष्कळ पुढे गेले आहे. डोळ्याच्या पडद्यावर पाहण्यासाठीच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना १९९८ मध्ये प्रथम बेडकाच्या कातडीत सापडले, आणि ते बाळगणाऱ्या या पेशी स्वतःच उजेड ओळखतात, हे डेव्हिड बर्सन यांनी २००२ मध्ये दाखवले. त्या वस्तूंचे आकार पाहण्यासाठी नसून बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूतील घड्याळाला कळवण्यासाठी असतात, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांचा निरोप पोहोचला, की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक सोडण्याचे काम आखडते घेते आणि झोपेची वेळ पुढे सरकते. उजेड पूर्ण वाढवून वीतभर अंतरावर धरलेला मोबाइल डोळ्यापाशी पन्नास ते शंभर लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड टाकतो. पलीकडच्या भिंतीवरचा मोठा टीव्ही अंतरामुळे त्याहून बराच कमी टाकतो.

२०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात बारा जणांना झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचायला लावले, तेव्हा त्यांचे मेलॅटोनिन निम्म्याहून अधिक घटले आणि शरीराचे घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले. पण झोप लागण्यास कागदी पुस्तकाच्या तुलनेत केवळ दहा मिनिटांचा उशीर झाला.  शिवाय हे लोक प्रयोगाच्या काळात मंद उजेडाच्या खोल्यांत होते, आणि हा तपशील आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दिवसा भरपूर प्रकाश मिळालेल्या माणसाचे घड्याळ रात्रीच्या थोड्या उजेडाने कमी विचलित होते. दिवसभर सोयाबीन किंवा कापसाच्या रानात राबणाऱ्याच्या डोळ्यांवर लाखभर लक्सपर्यंत उजेड पडलेला असतो. लातुरात नीटच्या तयारीसाठी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला क्लास, अभ्यासिका आणि खोली यांच्या फेऱ्यांत त्याचा शतांशही मिळत नाही. रात्री अकरा वाजता दोघांच्या हातात सारखाच फोन असला, तरी त्याचा परिणाम सारखा नसतो. त्यातच किशोरवयात शरीराचे घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेले असते आणि या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. त्या मुलांना सकाळी अर्धा तास गच्चीवर उन्हात बसून वाचायला सांगणे हे रात्रीचा फोन काढून घेण्याइतकेच उपयोगी ठरेल, असे मला वाटते.

फोनमधील पिवळसर ‘नाइट मोड’वर फार विसंबू नये. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०२१ मध्ये १६७ तरुणांवर केलेल्या अभ्यासात तो सुरू ठेवल्याने झोपेत एकंदरीत फरक पडलेला आढळला नाही. यामागील एक कारण सरळ आहे. आपण जागे राहतो ते रंगामुळे कमी आणि पडद्यावर जे चालले आहे त्यामुळे जास्त. २०१६ मध्ये सव्वा लाख मुलांवरील वीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात फोन न वापरताही तो झोपण्याच्या खोलीत असणे आणि झोप अपुरी होणे यांचा संबंध दिसला. अशा अभ्यासांतून कारण आणि परिणाम ठामपणे सिद्ध होत नाही. कमी झोपणारी मुलेच फोन जवळ ठेवत असतील, अशीही शक्यता राहते. परंतु झोपेतही कान बंद होत नाहीत आणि निजलेला मेंदू स्वतःच्या नावाला प्रतिसाद देतो, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपची टुण्ण त्याला अजिबात कळत नसेल, असे मानता येत नाही.

तरीही ‘फोन दुसऱ्या खोलीत ठेवा’ हा शहरी सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. एक तर अनेक घरांत दुसरी खोलीच नसते. दुसरे म्हणजे शेतपंपाची थ्री फेज लाईट चक्राकार पद्धतीने कधी दिवसा तर कधी रात्री येते आणि ती आली-गेली याची खबर विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर फोन करून देतो. रब्बीत हरभऱ्याला किंवा ज्वारीला पाणी द्यायचे असेल, तर तो फोन ऐकू यावाच लागतो. यावर उपाय फोनमध्येच आहे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ हे सेटिंग सुरू केले, की सर्व आवाज बंद होतात, पण निवडलेल्या नंबरांना सूट देता येते. स्टार्टरमधील सिमचा नंबर, डीपीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) राखणीला असलेल्या भावाचा नंबर आणि घरी आजारी माणूस असल्यास डॉक्टरांचा नंबर त्या यादीत टाकावा. त्याच सेटिंगमध्ये थोड्या वेळात दुसऱ्यांदा आलेला एकाच नंबरचा फोन वाजू देण्याचाही पर्याय असतो, तो सुरू ठेवावा आणि फोन पालथा घालून पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर ठेवावा. रिंगटोन मोठी ठेवली, तर तेवढ्या अंतरावरून ती ऐकू येते.