पेटीवरचं चित्र, पक्षाचा सातबारा

गावाकडच्या जुन्या मतदाराला मत कुणाला दिलं असं विचारलं, तर पक्षाचं नाव सहसा ऐकू येत नाही. ‘पंजाला’, ‘धनुष्यबाणाला’, ‘घड्याळाला’, अलिबाग-सांगोल्याकडे ‘खटाऱ्याला’ (म्हणजे शेकापच्या चिन्हाला) असं उत्तर येतं. नेते बदलतात, उमेदवार बदलतो, चित्र तेवढं डोळ्यांसमोर राहतं. म्हणूनच १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी घड्याळ अजित पवारांच्या गटाकडे गेलं, तेव्हा वाद नुसत्या चित्राचा नव्हता. चिन्ह ज्याच्या नावावर, पक्ष त्याचा, असा हिशेब होता. आता हा सातबारा आयोगाच्या दप्तरात कसा तयार झाला, ते पाहायचं तर १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत मागे जावं लागतं.

इंग्रजांच्या काळात मत हा हक्क नव्हता, ऐपतीची खूण होती. शेतसारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी गाठीशी असेल त्यालाच मत. १९३५ च्या कायद्याने ही अट बरीच सैल झाली, तरीही लोकसंख्येच्या साधारण सातव्या हिश्श्याइतक्याच लोकांना मताधिकार मिळाला. त्याआधी सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. निरक्षर माणसाला मत देऊन तो काय करणार, हा त्या काळातला हमखास आक्षेप. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने तो निकाली काढला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मत. जमीन, कर, शिक्षण कशाचीही अट नाही. (एकविसाचे अठरा झाले ते पुढे, १९८९ मध्ये.)

घटनेत हे लिहिणं सोपं होतं. अंमलात आणायचं काम पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यावर पडलं. मतदार १७ कोटींच्या वर, आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के. मतदार याद्या करतानाच पहिला फटका बसला. उत्तरेतल्या अनेक प्रांतांत बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशाच नोंदी झाल्या. सेन यांनी त्या मानल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. सेन यांचा हट्ट कठोर वाटतो खरा, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका स्वतःच्या नावाने यादीत येऊ लागल्या, हेही खरं.

दुसरी अडचण वाचण्याची. त्यावर उपाय निघाला चित्रांचा. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदाराच्या हातात एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका, तिच्यावर कुणाचंच नाव नाही. आडोशाला जायचं, चित्र ओळखायचं आणि त्या पेटीत कागद टाकायचा. याला लाखोंनी पेट्या लागल्या. त्यातल्या कितीतरी मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. वेगळ्या पेटीची कल्पना तशी नवी नव्हती. १९३७ च्या निवडणुकीत काही प्रांतांत रंगीत पेट्या वापरल्या होत्या. पण रंग मोजकेच असतात, उमेदवार पुष्कळ.

चिन्हं निवडली ती रोजच्या पाहण्यातली. काँग्रेसला जोतलेली बैलजोडी, समाजवादी पक्षाला झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाला झोपडी, कम्युनिस्टांना कणीस-विळा, जनसंघाला दिवा, आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती. आणि नागपूरचे कामगार पुढारी रा. स. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉकला मिळाला होता हाताचा पंजा. आज पंजा म्हटलं की काँग्रेसखेरीज दुसरं काही सुचत नाही. त्याचा पहिला मालक मात्र नागपूरकर होता! त्या निवडणुकीआधी १४ पक्षांना राष्ट्रीय म्हणून चिन्हं मिळाली होती. निकालानंतर चारच पक्षांची मान्यता टिकली.

मान्यताप्राप्त पक्षांच्या राखीव चिन्हांखेरीजची, अपक्ष वगैरेंना मिळणारी मुक्त चिन्हं म्हणजे एक वेगळंच प्रदर्शन. आयोगातले एक ड्राफ्ट्समन, एम. एस. सेठी, १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिसपेन्सिलीने ती काढत बसत. शिलाई मशीन, छत्री, कपबशी, शिट्टी, नारळ, टेबल. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणून ‘कपबशी पॅनेल’ विरुद्ध ‘नारळ पॅनेल’ असल्या लढती आपल्याकडे अजून रंगतात. प्रचारात जिवंत जनावरं मिरवून त्यांचे हाल होऊ लागले, तेव्हा नवीन चिन्हांमधून प्राणी वगळले गेले.

१९६२ पासून पेट्यांची रांग बहुतेक ठिकाणी गेली. सगळी नावं आणि चिन्हं एकाच कागदावर आली, हाती शिक्का आला. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ आणि शेवटी अमक्यावर ‘मारा शिक्का’, ही घोषणा त्या बदलातूनच जन्मली. शिक्का जाऊन बटण आलं तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

इथवर चिन्ह ही मतदाराची सोय होती. ते पक्षाची मालमत्ता कधी झालं? माझ्या मते ती तारीख ३१ ऑगस्ट १९६८. या दिवशी आयोगाने चिन्हांचं आरक्षण आणि वाटप यासाठी आदेश काढला. हा संसदेने केलेला कायदा नाही, आयोगाचा आदेश आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. त्यातला १५ वा परिच्छेद सांगतो की एका मान्यताप्राप्त पक्षातले दोन गट ‘आम्हीच पक्ष’ म्हणू लागले, तर सुनावणी घेऊन आयोग ठरवेल. एक गट तो पक्ष असेल किंवा कुठलाच नसेल, आणि निर्णय सगळ्यांवर बंधनकारक. कशाच्या आधारावर ठरवायचं, हे मात्र त्यात लिहिलेलं नाही. सगळी गोम तिथेच आहे.

वर्षभरातच प्रसंग आला. राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डी की व्ही. व्ही. गिरी, यावरून काँग्रेस फुटली, आणि १२ नोव्हेंबर १९६९ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनाच पक्षातून काढण्यात आलं. बैलजोडी कुणाची? जानेवारी १९७१ मध्ये आयोगाने इंदिरा गटाच्या, म्हणजे जगजीवनराम अध्यक्ष असलेल्या काँग्रेसच्या बाजूने कौल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्चच्या निवडणुकीत बैलजोडी कुणालाच मिळाली नाही. इंदिरा गट गाय-वासरावर लढला, त्यांच्या विरोधातला गट, म्हणजे संघटना काँग्रेस, चरखा चालवणाऱ्या स्त्रीवर. नोव्हेंबर १९७१ च्या सादिक अली निकालात न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला. भाऊबंदकीत शेत वाटतात तसं चिन्ह वाटता येत नाही, आणि लोकशाहीत संख्येला मोल आहे, असा त्याचा आशय. इंदिरा गटाकडे खासदार-आमदारही जास्त होते आणि संघटनेतले प्रतिनिधीही. दोन्ही तागड्या एकाच बाजूला झुकल्या, त्यामुळे त्या उलटसुलट झुकल्या तर काय, हा प्रश्न त्या वेळी आलाच नाही.

१९७८ मध्ये काँग्रेस पुन्हा फुटली, गाय-वासरूही गेलं आणि पंजा आला. तामिळनाडूत अण्णाद्रमुकचे नेते एमजीआर गेल्यावर पक्षात दोन गट पडले आणि १९८९ च्या निवडणुकीत त्यांचं ‘दोन पानं’ हे चिन्ह गोठलं, म्हणजे कुणालाच मिळालं नाही. जयललितांना कोंबडा मिळाला, एमजीआर यांच्या पत्नी जानकी यांच्या गटाला कबुतरांची जोडी. दोन्ही गट एकत्र आले तेव्हा पानं परत मिळाली.

आता दुसरा धागा. गंमत अशी की मूळ घटनेत राजकीय पक्षाची दखलच नव्हती. तो शब्द आला १९८५ मध्ये, पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातून. १९६७ मध्ये हरियाणातले आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द रूढ झाला होता. त्यावर हा उतारा. पण त्यात एक पळवाट ठेवली होती. विधिमंडळ पक्षाचा एक-तृतीयांश भाग बाहेर पडला तर ती ‘फूट’, आणि तिला संरक्षण. १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून गेले ते याच दारातून. ५२ आमदारांच्या पक्षातून एक-तृतीयांशाचा गट वेगळा दाखवायचा आणि काँग्रेसमध्ये जायचं. धनुष्यबाण मागण्याची त्यांना गरजच नव्हती.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने हे दार बंद झालं. उरली ती फक्त विलीनीकरणाची वाट, दोन-तृतीयांश आमदारांसह. हेतू चांगला होता, परिणाम भलताच झाला. आता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं नसेल, तर फुटणाऱ्याला ‘आम्ही फुटलो’ म्हणण्याची सोय राहिली नाही. अपात्रता टाळायची तर एकच वाक्य शिल्लक राहतं, ‘आम्हीच मूळ पक्ष’. आणि ते सिद्ध करण्याची जागा म्हणजे १९६८ चा तो परिच्छेद १५. २०२२ मध्ये शिंदेंसोबत सुरत-गुवाहाटीला गेलेले आमदार शेवटपर्यंत स्वतःला शिवसैनिकच का म्हणवत होते, त्याचं उत्तर भावनेत थोडं आणि या दुरुस्तीत जास्त सापडतं.

शिवसेनेलाही धनुष्यबाण जन्मासोबत मिळाला नव्हता. पक्ष १९६६ चा, चिन्ह पक्कं झालं १९८९ मध्ये, राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळाल्यावर. त्याआधी तिचे उमेदवार मिळेल त्या चिन्हावर लढले. १९८४ च्या लोकसभेला चक्क कमळावर, आणि १९८५ मध्ये भुजबळ माझगावातून मशालीवर. ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण गोठला तेव्हा अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीसाठी उद्धव ठाकरे गटाने तीच मशाल घेतली. शिंदे गटाला ढाल-तलवार मिळाली.

अंतिम आदेशात आयोगाने पक्षाच्या घटनेची कसोटी बाजूला ठेवली. २०१८ च्या दुरुस्त्या आपल्याकडे नोंदवलेल्या नाहीत आणि त्या लोकशाहीला धरून नाहीत, असं म्हटलं. संघटनेतल्या बहुमताचाही निर्णायक पुरावा त्याला मिळाला नाही. मग उरले आमदार-खासदार. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार शिंदेंकडे. सादिक अलीतल्या दोन तागड्यांपैकी एकच वजनात धरली गेली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रतोद (सभागृहात आमदारांना पक्षादेश बजावणारा) राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे, असा निर्वाळा दिला. पण ठाकरे बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन बसले होते, म्हणून सरकार परत आणता आलं नाही. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीही शिंदेंचीच शिवसेना खरी ठरवली. महिन्याभरात राष्ट्रवादीचा निकालही आमदारांच्या संख्येवरच लागला.

चिन्ह हरवलेल्या शरद पवार गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ मिळाला. मुक्त चिन्हांच्या यादीत पिपाणीसारखं एक वाद्य होतं, आणि मराठीत त्याचं नावही ‘तुतारी’च छापलेलं होतं. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात पवार गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. ही दुसरी तुतारी घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. सगळी मतं चुकून गेली असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण आकडे बोलके आहेत.

बारामतीत मात्र अशा गोंधळाने निकाल फिरला नाही. शरद पवार १९६७ मध्ये इथून पहिल्यांदा निवडून आले ते बैलजोडीवर. पुढे गाय-वासरू, चरखा, पंजा, घड्याळ असं सगळं या मतदारांनी पाहिलेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी सुप्रिया सुळेंच्या तुतारीला घड्याळापेक्षा १,५८,३३३ मतं जास्त दिली. सहा महिन्यांनी विधानसभेला बारामतीने अजित पवारांच्या घड्याळाला तुतारीवर एक लाखाहून अधिक मतांची आघाडी दिली.